भिंतीएवढे बाबा

३ सप्टेंबर, मंगळवार

झालं! शब्द तोंडातून गेला आणि आता परत घेता येत नाही. "फोटो ना? त्यात काय एवढं, आठवड्याभरात लावते," असं मी आईला म्हणाले. मी. जिला फोनमधला अलार्म बंद करायचा म्हणजे अख्खा फोन बंद करावा लागतो.

आई पलंगावर बसून समोरच्या भिंतीकडे बोट दाखवत होती. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडे असते. खोली तिला दिली, पण भिंतीवर तिचं असं काही नाही — एक कॅलेंडर आणि एक उगाच ठोकलेला खिळा. वीस तारखेला तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्यानंतर बरेच दिवस पडून राहायचं. "पडल्या पडल्या काय बघू मी? तारखा?" म्हणाली. "तिथे ह्यांचा फोटो लाव. तो हसरा. आणि मोठा लाव, मला चष्म्याशिवाय दिसला पाहिजे."

तो हसरा म्हणजे कुठला हे विचारावं लागत नाही. बाबांचा हसरा फोटो जगात एकच आहे. नोकरीभर त्यांनी दुकानदारांची वजनमापं तपासली, आणि फोटोतसुद्धा ते तसेच — समोरच्याचं माप खोटं निघालंय असा चेहरा. माझ्या लग्नाच्या फोटोत ते मुलीचे वडील वाटत नाहीत, फिर्यादी वाटतात. हा एकच असा, की गच्चीत वेताच्या खुर्चीत बसलेत, डोळे बारीक झालेत, तोंड सताड उघडं, आणि पुढचा पडलेला दात लपवायचंही भान नाही. ताईच्या घरी काढलेला. शेवटच्या वर्षी ते आणि आई तिच्याकडेच होते.

हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "मूळ फोटो ताईंकडे असेल. मागून घे."

म्हटलं, काही गरज नाही. फॅमिली ग्रुपवर आहे तो, तोच घेते.

"बघ बाई," म्हणाले. ह्यांच्या 'बघ बाई'मध्ये पुढचं सगळं भविष्य असतं, ते मला नंतर कळतं.

४ सप्टेंबर, बुधवार

दुपारी माझ्या शिवणाच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. पडद्यांची एक ऑर्डर आणि तीन पँटींच्या झिपा बाजूला ठेवल्या आणि ह्यांच्या लॅपटॉपवर फोटो उघडला. छान दिसत होता. स्क्रीनभर बाबा. मनात म्हटलं, एवढा स्वच्छ तर आहे, लोक उगाच बाऊ करतात.

मग वाचलं. छपाईसाठी रिझोल्यूशन तीनशे लागतं, असं सगळीकडे लिहिलंय. एका इंचात तीनशे ठिपके. आपल्या फोटोत बघितलं तर बहात्तर! म्हणजे चौथ्या हिश्श्यापेक्षा कमी. बरं झालं बघितलं, नाहीतर फजिती झाली असती. तिथेच एक चौकट होती, त्यात आकडा बदलता येत होता. बहात्तर खोडलं, तीनशे लिहिलं, ओके म्हटलं. झालं. एवढ्यासाठी लोक कोर्स करतात?

संध्याकाळी प्रिंटवाल्याकडे गेले. माझ्या दुकानाच्याच रस्त्यावर, चपला दुरुस्तीच्या पलीकडे. चोवीस बाय बत्तीस इंचाचा कागद सांगितला. तो फाइल उघडायला लागला, तर मी रुबाबात म्हणाले, "सेटिंग करून आणलंय. तीनशे आहे. जसं आहे तसं छापा."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आदराने.

६ सप्टेंबर, शुक्रवार

प्रिंट आणली. भला मोठा पांढरा शुभ्र कागद, गुंडाळी करून रिक्षात आडवी धरली, ड्रायव्हरच्या मानेला दोनदा लागली. घरी येऊन टेबलावर पसरली. चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. मधोमध, तळहाताएवढे, बाबा.

एवढ्या पांढऱ्यात ते इतके एकटे दिसत होते की मला हसूही येईना.

उलट्या पावली प्रिंटच्या दुकानात. प्रिंटवाला हा अत्यंत कुजका माणूस आहे. त्याच्या दुकानात एक स्टूल आहे आणि त्यावर तो कोणालाही बसू देत नाही. "तुम्हीच म्हणालात जसं आहे तसं छापा. फाइलमध्ये माप सव्वातीन इंच रुंद लिहिलंय. मी छापलं."

"पण मी माप बदललंच नाही! मी फक्त बहात्तरचं तीनशे केलं."

"मग त्याने माप बदललं," म्हणाला. "तुमच्या फोटोत आडवे ठिपके नऊशे साठ. एका इंचात तीनशे बसवा म्हटलं, तर तीन इंचांत संपले. आता चोवीस इंचांना कुठून आणू?" आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या व्हिजिटिंग कार्डांकडे वळला.

मला नीटसं कळलं नाही, पण कळल्यासारखी मान हलवली. हे मी फार चांगलं करते.

७ सप्टेंबर, शनिवार

आईने तो कागद बघितला. बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "ह्यांचा पासपोर्ट काढायचाय का?"

८ सप्टेंबर, रविवार

हे सकाळी परत म्हणाले, ताईंना एक फोन कर, दोन मिनिटांचं काम आहे. मी म्हटलं, तुम्ही तुमचं शब्दकोडं सोडवा. त्यांनी सोडवलं. मग दिवसभर माझंच डोकं सुटेना, म्हणून इथे लिहिते.

बाबा गेले त्यानंतर आम्ही सगळे ताईकडेच होतो. एका दुपारी मी आणि ती स्वयंपाकघरात. मी सहज म्हणाले, शेवटी शेवटी बाबा फार गप्प झाले होते ना. ती ओटा पुसत होती. न थांबता म्हणाली, "तुझ्यासमोर गप्प असतील. तू रविवारची पाहुणी. माझ्या घरी हसायचे ते."

एवढंच. भांडण नाही, आवाज नाही. त्याच संध्याकाळी तिने तो फोटो ग्रुपवर टाकला. खाली एक अक्षर नाही. बाकीच्यांना तो फोटो वाटला. मला तो कोर्टात दाखल केलेला पुरावा वाटला. मी त्या दिवशी बॅग भरून घरी आले आणि तेव्हापासून ताईशी बोलले नाही. आईला इकडे आणलं तेव्हासुद्धा सामान ह्यांनी आणलं, मी गाडीत बसून राहिले.

राग आला म्हणून बोलत नाही, असं मी सगळ्यांना सांगते. खरं तसं नाही. ती खरं बोलली अशी भीती वाटते. मी आठवून आठवून बघितलं — बाबा माझ्याकडे बघून असे, तोंड उघडं टाकून, कधी हसले का? शाळेतला नंबर दाखवला तेव्हा "ठीक." दुकान काढलं तेव्हा "बघू." पहिल्यांदा कोणाचा तरी अख्खा सूट शिवला तेव्हा त्यांनी बाही आतून उलटी करून टाके तपासले आणि "चालेल" म्हणाले. मी ती गोष्ट लोकांना विनोद म्हणून सांगते. सगळे हसतात. मी पण.

आता ज्या फोटोत ते ताईकडे बघून हसतायत, तोच फोटो भिंतीएवढा करून माझ्याच घरात लावायचाय. आणि तो धड छापायचा म्हणजे तिच्याकडेच मागायचा. ह्यापेक्षा मी कॉम्प्युटर शिकेन.

९ सप्टेंबर, सोमवार

शिकले! त्या चौकटीत खाली एक बारीकशी टिक करायची जागा आहे. मागच्या वेळी ती टिक नव्हती, म्हणून सगळा घोळ झाला. टिक केली की इंचही आपण लिहायचे आणि तीनशेही आपणच लिहायचं, दोन्ही ऐकतं. चोवीस लिहिलं. तीनशे लिहिलं. कॉम्प्युटर थोडा वेळ घुरघुरला आणि फाइलचं वजन एकदम कित्येक पट वाढलं. नऊशे साठ ठिपक्यांचे सात हजारांवर झाले.

मी ह्यांना बोलावून दाखवलं. "नव्हते कुठे? आले की नाही?"

"कुठून आले?" हे म्हणाले.

असले प्रश्न विचारायची सवय असते काही लोकांना.

१० सप्टेंबर, मंगळवार

प्रिंट आली. या वेळी पूर्ण भरलेली. दारातून बघितली तर वा! दोन पावलं पुढे गेले तर बाबा धुक्यात. जवळ गेले तर बाबा नाहीतच, नुसतं धुकं. कान कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते देवाला माहीत. दातांच्या जागी एक पांढुरका पट्टा.

प्रिंटवाला म्हणाला, "हे ठिपके फोटोतले नाहीत. कॉम्प्युटरने शेजारचे बघून अंदाजाने भरलेत. तुम्ही म्हणालात भर, त्याने भरले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"मग मला आधी सांगायचं ना."

"तुम्ही म्हणालात, या वेळी नक्की बरोबर आहे."

म्हणाले होते. तसंच म्हणाले होते, आणि वर काउंटरवर टिचकी पण मारली होती. हात दाखवून अवलक्षण.

आईने चष्मा काढून बघितला, मग लावून बघितला. "माझे डोळे एवढे गेले?" म्हणाली. तिला समजवायला अर्धा तास गेला की डोळे ठीक आहेत, मुलगी बिघडली आहे.

११ सप्टेंबर, बुधवार

आज पडद्यांना टीप घालताना हात थांबला.

मशीनवर टाक्याची चकती असते. आकडा वाढवला की टाका लांब, कमी केला की बारीक. समजा माझ्याकडे मोजून नऊशे साठच टाके आहेत. बारीक घातले तर शिवण सुबक, पण तीन इंचांत दोरा संपणार. तेवढेच टाके चोवीस इंचांवर पसरले तर एका इंचात चाळीस. चकती फिरवून टाक्यांची संख्या वाढत नाही, नुसती लांबी बदलते! ती तीनशेची चौकट म्हणजे दुसरं काही नाही, ती चकती आहे. मी त्या दिवशी चकती फिरवली आणि दोरा वाढला म्हणून नाचले.

आणि ती टिक? ती म्हणजे जुन्या दोन टाक्यांच्या मध्ये खडूने खोटे टाके काढायचे. लांबून शिवण दिसते. ओढलं की उसवतं.

इतकी वर्षं मशीनवर बसते आहे मी. गिऱ्हाइकाने चार मीटरच्या कापडात सहा मीटरचे पडदे मागितले तर त्याला हसून परत पाठवते. आणि स्वतः? असो. पडद्यांची टीप मात्र आज छान आली.

संध्याकाळी प्रिंटवाल्याला हे टाक्यांचं सांगितलं. तो म्हणाला, "हो." मग थोड्या वेळाने, "तीनशे हे हातात धरून बघायच्या वस्तूला. पुस्तक, कार्ड. भिंतीवर लावायचं, लांबून बघायचं, तर सव्वाशेसुद्धा पुरे. पण चाळीस नाही हो पुरत." आणि मग: "फोनमधून जसा निघाला तसा आणा. ग्रुपवरून आलेला नको. तिथे फोटो आटतो."

म्हणजे फिरून ताईच. सगळ्या वाटा तिच्या गच्चीत जातात.

१२ सप्टेंबर, गुरुवार

तरी एक वाट उरली होती. हल्ली म्हणे एक प्रोग्राम निघालाय, पुसट चेहऱ्याचा स्वच्छ चेहरा करून देतो. फुकट. मी टाकले बाबा त्यात.

बाहेर आला तो माणूस अप्रतिम होता. कातडी तुकतुकीत, भुवया कोरलेल्या, आणि तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात, सगळे एका मापाचे, टूथपेस्टच्या खोक्यावर असतात तसे. पडलेला दात त्याने स्वखर्चाने बसवून दिला. डोळे मोठे केले आणि त्यांत चमक घातली. बाबांच्या डोळ्यांत मी चमक कधी पाहिली असेल तर ती तराजूत खोट सापडल्यावर.

आईला दाखवला. तिने फोन जवळ नेला, लांब नेला. "भला माणूस दिसतो," म्हणाली. "पण मी ह्याच्याबरोबर राहिले नाही."

मग तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "एवढा त्रास होत असेल तर राहू दे गं. कॅलेंडर बघीन मी." टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं. मी बाहेर येऊन उगाच नळाखाली कप धुत राहिले, धुतलेलेच.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

लॅपटॉपवर फोटो स्क्रीनभर लावून त्याचा माझ्या फोनने फोटो काढला. माझा फोन नवा आहे, त्यात ठिपके भरपूर. बाबांच्या तोंडावर झेब्रासारखे पट्टे आले. कोणाला सांगणार नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार

मी ह्यांना म्हटलं, तुम्ही तुमच्या फोनवरून सहज ताईला विचारा. माझं नाव नको. म्हणावं, मला हवाय.

"मला कशाला हवाय सासऱ्यांचा फोटो?"

"आठवण म्हणून."

"त्यांनी माझ्या स्कूटरचं मीटर तपासलं होतं. तेवढी आठवण आहे मला."

पण केला बिचाऱ्यांनी मेसेज. पाच मिनिटांत फोटो आला! मी धावत लॅपटॉपवर घेतला, ठिपके बघितले. नऊशे साठ. तोच! तिने मूळ फोटोच पाठवला असणार, पण तसाच मेसेजवरून, फोटो म्हणून. वाटेत आटला. फाइल म्हणून पाठवायला हवा होता. ते तिला सांगायला हवं, आणि ते सांगायचं म्हणजे लिहून भागणारं नाही, कारण माझी ताई माझीच ताई आहे. टीव्हीच्या रिमोटला ती अजून 'ते' म्हणते.

"मी नाही समजावणार," हे म्हणाले. "मलाच कळलेलं नाही. आणि ताकाला जाऊन भांडं लपवायचं हे किती दिवस चालणार? आई तुला फोटो मागते आहे, तू फोन सोडून सगळं करतेस."

मी चिडून म्हणाले, "तुम्हाला नाही कळणार." ते म्हणाले, "खरंय." आणि चहा टाकायला गेले. भांडायलाही साथ देत नाही हा माणूस.

१५ सप्टेंबर, रविवार

नाही केला फोन.

१६ सप्टेंबर, सोमवार

केला.

आईची ऑपरेशनची बॅग भरत होते. ती म्हणाली, भिंतीवर लावायला तिच्याकडे एक रुमाल आहे, फुलं भरलेला, तो लावला तर? मी बॅग तशीच टाकून गॅलरीत गेले आणि नंबर लावला.

"बोल," ताई म्हणाली. जणू काल संध्याकाळीच बोललो होतो.

"फोटो पाहिजे होता. बाबांचा."

"पाठवला की परवा तुझ्या नवऱ्याला."

"तो आटून येतो."

"आटतो? फोटो?"

"कापड धुतल्यावर आटतं तसा. फोटो म्हणून नाही पाठवायचा. फाइल म्हणून पाठवायचा. खाली बघ, टाचणीसारखं चिन्ह आहे, ते दाब."

"दाबलं. आता छत दिसतंय."

"तो कॅमेरा दाबलास. मागे जा. टाचणी. त्यात कागदाचं चित्र."

"कागद कुठे आहे? हां. आता हे सगळं विजेचं बिल दाखवतंय."

"त्यात गॅलरीतून निवड, असं काहीतरी असेल."

"तू आवाज चढवू नकोस, मला घाई होते."

"मी चढवला नाही."

"लहानपणापासून चढवतेस."

मग सापडलं. ती म्हणाली, हळूहळू जातंय, एक गोल फिरतोय. म्हटलं, फिरू दे, फोन ठेवू नकोस, बंद पडेल. पडला नसता. मला माहीत होतं. तिलाही असेल कदाचित. आम्ही दोघी तो गोल फिरायची वाट बघत फोन कानाला लावून उभ्या. तिच्याकडे कोणीतरी बादली ओढत होतं. माझ्याकडे खाली एक गाडी मागे घेत होतं.

"आईला भूल पूर्ण देणारेत का अर्धी?" तिने विचारलं.

"अर्धी."

"मी येते वीसला. सकाळीच येईन." मग थांबून, "येऊ ना?"

"ये की. विचारतेस काय?"

"तुझा आवाज बसलाय."

"सर्दी आहे."

"हं," म्हणाली. मग म्हणाली, "गेलं बघ. टिंग वाजलं." तिने त्या दुपारचं काही काढलं नाही, मीही नाही. ठेवला फोन.

फाइल उघडलीच नाही. नुसते ठिपके बघितले. आडवे तीन हजार चोवीस, उभे चार हजार बत्तीस. चोवीसने भागलं, एकशे सव्वीस. पुरे! पेन ड्राइव्हवर घेतली. माप चोवीस, टिक काढलेली, चकतीला हात नाही. आनंद व्हायला हवा होता. झालाही, आईसाठी. पण त्या फोटोतलं ते हसू आता आणखी स्वच्छ दिसणार, दात मोजता येतील इतकं, आणि ते ताईच्या घरचं. रोज सकाळी आईचा चहा घेऊन त्या खोलीत जायचंय मला. पाहुण्यासारखं.

आईला म्हटलं, उद्या येतो फोटो. ती म्हणाली, "ताईशी बोललीस?" मी म्हटलं, ठिपक्यांविषयी. "तेवढं तर तेवढं," म्हणाली.

१७ सप्टेंबर, मंगळवार

प्रिंटवाल्याने फाइल त्याच्या मोठ्या स्क्रीनवर उघडली, ठिपके तपासले, मान डोलावली. मग फोटो मोठा करत करत बाबांच्या मागे गेला. "मागे काचेचं दार आहे. त्यात समोरच्या बायका उमटल्यात. पुसून टाकतो, साफ दिसेल."

मी वाकून बघितलं. लहान फोटोत तिथे नुसता अंधार होता. काचेत ताई, फोन धरून. आणि तिच्या बाजूला, लांब, एक पाठमोरी बाई. अंगात बाबांचा नोकरीतला कोट, पाठीच्या शिवणीवर टाचण्या, हात मागे बांधलेले, मान ताठ, दुकानं तपासायला निघाल्यासारखी. कोट त्यांना ढगळ होत होता. आत घ्यायला मी एका रविवारी ताईकडे गेले होते, आणि खुणा करून झाल्यावर तो घालून गच्चीभर बाबांसारखी चालले होते. वळले तेव्हा ते नेहमीच्याच चेहऱ्याने म्हणाले होते, "झालं का? दे इकडे."

बाबा ताईकडे बघतच नाहीयेत. आता बुबुळं दिसतात. ते त्या कोटाकडे बघतायत.

"पुसू ना?" त्याने विचारलं. त्याने स्टूल पुढे सरकवलं, मी बसले.

म्हटलं, "राहू द्या. ती मी आहे."